मेरू कुठे ठेवायचा?

पुराणांच्या हिशेबात चंद्र सूर्याच्या वर आहे. विष्णुपुराण सूर्याला जमिनीपासून एक लाख योजनांवर ठेवते आणि चंद्राला त्याच्याही वर, आणखी एक लाख योजनांवर. भागवताच्या पाचव्या स्कंधातही चंद्र सूर्याच्या वरच आहे. हे अक्षरशः धरले तर सूर्यग्रहण होणारच नाही, कारण मागचे दूर असलेले बिंब पुढच्याला झाकू शकत नाही. तरीही आपल्याकडच्या जोशांनी शेकडो वर्षे सूर्यग्रहणे आधी गणून सांगितली. स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, हे सगळे त्यांनी काढले ते चंद्र सूर्याच्या खाली आहे असे धरूनच. सकाळी ग्रहलाघव हा ज्योतिषाचा ग्रंथ काढून हे गणित मांडणारा माणूस संध्याकाळी देवळात पुराण ऐकायला बसे, तेव्हा चंद्र पुन्हा वर गेलेला असे.

ही दोन विश्वे एका घरात कशी नांदली आणि १८३०च्या दशकात ती उघडपणे एकमेकांवर कशी आदळली, याची हकिकत बहुतांशी मराठी माणसांची आहे. विज्ञान आणि धर्म यांचा मेळ बसतो का, असा विषय निघाला की आपण गॅलिलिओ आणि पोप यांच्याकडे धावतो. आपल्या घरात हाच वाद कित्येक शतके चालला, त्यावर ग्रंथ आणि प्रतिग्रंथ निघाले, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. याची मला फार खंत वाटते.

आधी ही दोन चित्रे नीट पाहू. पुराणांतली पृथ्वी सपाट आहे, तिचा विस्तार पन्नास कोटी योजने. मधोमध एक लाख योजने रुंदीचे जंबुद्वीप, त्याच्या मध्यावर चौऱ्याऐंशी हजार योजने उंचीचा सोन्याचा मेरू. भोवती खारे पाणी, मग पुढचे द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, अशी सात द्वीपे आणि सात समुद्र. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि तो मेरूच्या आड गेला की आपल्याकडे रात्र होते. ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांतली पृथ्वी मात्र गोल आहे, अधांतरी आहे आणि मोजता येण्याजोगी आहे. भास्कराचार्यांनी तिचा परीघ ४९६७ योजने दिला आहे. पन्नास कोटी कुठे आणि पाच हजार कुठे!

भास्कराचार्य शके १०३६चे, म्हणजे इसवी सन १११४चे. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जलविड गावचे. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातला गोलाध्याय वाचताना जाणवते ते हे की हा माणूस पुराणांना भीत नाही आणि त्यांचा अवमानही करत नाही. तो प्रश्न विचारतो. मेरूच्या आड गेल्याने सूर्य मावळतो म्हणता, तर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येणारा तो सोन्याचा डोंगर दिसत का नाही? मेरू तर उत्तरेला; मग थंडीच्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला सरकून कसा उगवतो? पृथ्वीला कुणीतरी धरून ठेवले आहे म्हणता, तर त्या धरणाऱ्याला कोण धरतो, आणि त्याला कोण? कुठेतरी थांबून ‘हा आपल्याच शक्तीने उभा आहे’ असे म्हणावेच लागणार असेल, तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? पृथ्वी सपाट दिसते, त्याचेही उत्तर ते देतात: परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि माणूस इतका लहान आहे की त्याला त्याहून जास्त दिसत नाही.

ग्रहणाबद्दलचा त्यांचा युक्तिवाद तर केवळ डोळ्यांवर उभा आहे. चंद्रग्रहणात चंद्राची शिंगे बोथट दिसतात आणि ग्रहण बराच वेळ चालते. सूर्यग्रहणात शिंगे टोकदार असतात आणि ते लवकर सुटते. चंद्राला ग्रहण पूर्वेकडून लागते, सूर्याला पश्चिमेकडून. झाकणारा राहू एकच असता तर असा फरक पडला नसता. म्हणून चंद्राला झाकणारी वस्तू मोठी असली पाहिजे, ती पृथ्वीची छाया. आणि सूर्याला झाकणारी लहान, तो चंद्र.

इथपर्यंत आल्यावर भास्कराचार्य राहूला हाकलून देऊ शकले असते, पण त्यांनी तसे केले नाही. ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला आणि चंद्रात शिरून सूर्याला झाकतो, असे म्हणून त्यांनी श्रुतिस्मृतींचा मान राखला. मेरूलाही त्यांनी जागा दिली. तो थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवला. जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध, खारा समुद्र विषुववृत्ताशी, बाकीची द्वीपे आणि समुद्र दक्षिण गोलार्धात, नरक दक्षिण ध्रुवाकडे. आणि मेरू ध्रुवावर ठेवल्याबरोबर एक विलक्षण गोष्ट झाली. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे सहा महिने आणि रात्रही तेवढीच, हे जुने वचन अक्षरशः खरे ठरले. ध्रुवावर सूर्य सहा महिने मावळत नाही. या जागी पुराण आणि गणित एकमेकांना खरोखर भेटतात. गोलाध्यायातली ही जागा मला फार प्रिय आहे.

मात्र इथे क्रम कोणता आहे ते पाहावे. पृथ्वीचा गोल आधी ठरला. तो वेधाने आणि गणिताने ठरला. मग त्या गोलावर मेरू कुठे बसतो ते शोधले गेले. चंद्राची जागा तर हलवलीच नाही. तो सूर्याच्या खालीच राहिला, पुराण काहीही म्हणो.

पुढच्या काही शतकांत हा क्रम उलटू लागला. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या ज्ञानराजांनी १५०३ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ लिहिला. ते उत्तम गणिती होते, त्यांची पृथ्वी गोलच होती. पण पृथ्वी आपल्या शक्तीने उभी आहे हे भास्कराचार्यांचे म्हणणे त्यांना पटेना. तिला शेष, वराह यांचा आधार आहेच, हे पुराणाचे म्हणणे त्यांनी ज्योतिषाच्या ग्रंथात परत आणले. त्यांच्यानंतर ‘विरोधपरिहार’ हा एक मोठा उद्योगच झाला. योजनाचे माप वेगळे धरावे, कल्प वेगळा धरावा, एखादे वचन गौण मानावे, आणि काही करून दोन्ही खरी ठरवावीत. यात बुद्धी खूप खर्ची पडली. आकाशाविषयी नवे काही हाती लागले नाही.

मग इंग्रज आले, आणि त्यांच्या मागून पाद्री. मुंबईत जॉन विल्सन यांनी हिंदू पंडितांना जाहीर वादाला बोलावले. मोरभट दांडेकर त्यांच्याशी वाद करायला उभे राहिले आणि १८३१ मध्ये त्यांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ छापून निघाले. पाद्र्यांच्या हातातले एक सोपे हत्यार म्हणजे पुराणांतला भूगोल. उसाच्या रसाचा समुद्र कुठे आहे ते दाखवा, असे विचारले की समोरचा गप्प होई. ज्याची भूगोलाची माहिती खोटी, त्याचा मोक्षाचा मार्गही खोटा, असा त्यांचा रोख होता. हा रोख अन्यायाचा होता, कारण बायबलमधल्या सृष्टिकथेला हीच कसोटी लावायला ते स्वतः तयार नव्हते.

याच वेळी भोपाळजवळच्या सिहोरला एक वेगळा प्रयोग चालू होता. लॅन्सलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला अधिकारी तिथे पोलिटिकल एजंट होता. त्याने तिथल्या पाठशाळेत लक्ष घातले आणि त्याला भास्कराचार्य सापडले. त्याचा विचार सरळ होता. या लोकांना कोपर्निकस एकदम सांगितला तर तो म्लेंच्छांचा म्हणून नाकारला जाईल. त्यांच्याच सिद्धांतांतून पृथ्वी गोल आहे, अधांतरी आहे, ग्रहण छायेने होते, इथपर्यंत आणावे. पुढचे एक पाऊल मग अवघड नाही. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे सविस्तर मांडले. त्याच्या मनात सत्तेचे हिशेब नव्हते असे मी म्हणणार नाही. पण परक्या देशात शाळा चालवताना तिथल्या ज्ञानातले सर्वोत्तम शोधून त्यावर बांधकाम करावे, ही दृष्टी फार थोड्या अधिकाऱ्यांजवळ होती.

त्याच्या पाठशाळेतला मोठा पंडित सुबाजी बापू. जोतिषी, जुन्या वळणाचा, वयाने आणि अभ्यासाने पिकलेला. विल्किन्सनने लिहून ठेवले आहे की सिद्धांत आणि नवे ज्योतिष यांचा अर्थ लागल्यावर सुबाजी बापूंना आनंद झाला, पण त्याहून दुःख झाले. आयुष्य भ्रमात गेले याचे दुःख, आणि एकेकाळी या भूमीत माहीत असलेले सत्य ज्यांनी दडवले त्या पूर्वीच्या पंडितांवरचा राग. हे वर्णन करणारा माणूस आपल्या कामाचे यश सांगत होता, हे ध्यानात ठेवूनही त्यातला घाव मला खरा वाटतो. उतारवयात आपले जग बदलणे सोपे नसते.

१८३६ मध्ये सुबाजी बापूंचे ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ निघाले. ते मराठीत आहे, हे मला फार मोलाचे वाटते. संस्कृतात लिहून पंडितांत वाद घालणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी पुराण, सिद्धांत आणि कोपर्निकस अशी तिन्ही मते लोकभाषेत शेजारी शेजारी मांडली आणि कोणते टिकते ते तपासले. पुराणांचा भूगोल टिकत नाही, सिद्धांताचा टिकतो आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे नवे मत त्याच्याही पुढे जाते, असा त्यांचा निर्णय होता. पुढे १८४१ मध्ये त्याच पाठशाळेतल्या ओंकार भट्टांनी हिंदीत ‘भूगोलसार’ लिहिले.

सुबाजी बापूंच्या ग्रंथाला उत्तर पुण्याहून आले. यज्ञेश्वरशास्त्री रोडे, ज्यांना बाबा जोशी रोडे म्हणत, ते स्वतः जाणते ज्योतिषी होते. यंत्रांवर आणि गोलावर लिहिणारे. त्यांना गणित कळत नव्हते म्हणून त्यांनी विरोध केला, असे कुणी समजू नये. त्यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहिला. नावातच भूमिका आहे: पुराण आणि सिद्धांत यांच्यात विरोध नाहीच; दिसतो तो आपल्या समजुतीचा दोष. त्यावर सुबाजी बापूंकडून ‘अविरोधप्रकाशविवेक’ निघाला. ग्रंथाच्या नावाला फक्त ‘विवेक’ जोडून प्रत्युत्तर देण्याची ही जुनी शास्त्रीय रीत होती.

यज्ञेश्वरशास्त्र्यांची बाजू मला समजते. बाहेर पाद्री उभा असताना घरातल्या भिंतीची एक वीट काढली तर सगळी भिंत पडेल, ही भीती खरी होती. पण त्यांचा मार्ग चुकीचा होता, असे मी स्पष्ट म्हणेन. भास्कराचार्यांनी आकाश पाहून मेरूची जागा ठरवली. अविरोधवाद्यांनी मेरू जागचा हलू नये म्हणून आकाशाचा अर्थ वाकवला. पहिल्या रीतीत पुराणातले एखादे वचन नव्याने खरे ठरू शकते, ते आपण पाहिले. दुसऱ्या रीतीत गणिताची धार जाते आणि पुराणातले काव्यही उरत नाही, कारण लाख योजनांचे जंबुद्वीप एकदा मापाच्या वादात ओढले की ते नुसते चुकीचे माप होऊन बसते.

सुबाजी बापूंचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. १८३९ मध्ये विल्किन्सनने जातिभेदावर कठोर टीका करणारी ‘वज्रसूची’ छापली, तेव्हा तिचे खंडन लिहिले ते याच सुबाजी बापूंनी, आणि दोन्ही एकत्र छापली गेली. पृथ्वी फिरते हे मान्य करणाऱ्या पंडिताने माणसामाणसांतली उतरंड मात्र अढळ धरली. विश्वाचे चित्र बदलले म्हणजे मन आपोआप बदलते, अशी आशा बाळगणाऱ्यांनी हे खंडन जरूर लक्षात ठेवावे. ही गोष्ट मला सलते.

विल्किन्सन १८४१ मध्ये वारला आणि सिहोरचा बहर ओसरला. त्या पाठशाळेत शिकलेला एक मुलगा मात्र दूर गेला. नागपूरहून सिहोरला आलेले बापूदेव शास्त्री, मूळचे परांजपे, पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले आणि विल्किन्सनने केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी तपासून दिल्यावर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेरूचा वाद हळूहळू निवला, पण त्याच प्रश्नाने महाराष्ट्रात दुसरे रूप घेतले, आणि या वेळी तो प्रत्येकाच्या चुलीपर्यंत गेला. एकादशी कधी धरायची?

आपली पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेशांनी १५२०च्या सुमारास तो ग्रंथ केला तेव्हा आकाशाशी जुळेल असेच गणित त्यांनी घेतले होते. पण साडेतीनशे वर्षांत चुका साचत गेल्या. केरू लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, अलिबागजवळच्या नागावचे. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले आणि पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नव्या गणिताचे पटवर्धनी पंचांग सुरू केले. त्यातली ग्रहणे आकाशाशी जुळत. तरीही लोकांनी ते लगेच उचलले नाही.

अडले ते तिथीपाशी. तिथी साधारण साठ घटिकांची. धर्मशास्त्राने ती वाढून पासष्ट आणि घटून चोपन्न घटिकांपर्यंत जाते असे धरले होते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणतात तो हा नियम. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. चंद्राच्या खऱ्या गतीने मात्र तिथी सदुसष्टच्या आसपास जाऊ शकते आणि पन्नासपर्यंत खाली येते. म्हणजे नव्या गणितात दशमी थोडी लांबली की वैष्णवांची एकादशी दुसऱ्या दिवशी जाणार. उपास कुणाचा खरा? श्राद्धाची तिथी कोणती? ज्याने जन्मभर एकादशी मोडली नाही, त्या वारकऱ्याला तुझी तिथी चुकली होती असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. सनातनी मंडळी म्हणत, तिथी ही धर्मासाठी आहे, तिला दुर्बीण लावू नका. सुधारक म्हणत, तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर. ते आकाशात आहे, पोथीत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षित या वादात पडले, विसाजी रघुनाथ लेले पडले. शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन, म्हणजे संपातापासून मोजणारे, पंचांगही निघू लागले. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६चा. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. १९०४ची मुंबईची ज्योतिष परिषद असो की १९२०ची सांगलीची, शुद्ध पंचांगासाठी ते शेवटपर्यंत झटले. गीतेवर भाष्य लिहिणारा आणि गणेशोत्सव सार्वजनिक करणारा माणूस पंचांगाचे गणित बदलू पाहत होता, आणि यात त्याला विसंगती दिसत नव्हती. व्रत कोणते करायचे ते धर्माने सांगावे. ते कोणत्या घटकेला येते ते मात्र आकाशाला विचारावे. मला वाटते, मेळ बसायचा तो याच सांध्यावर बसतो, आणि भास्कराचार्यांनी मेरू ध्रुवावर नेला तेव्हा त्यांनी हाच सांधा धरला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. २२ मार्च १९५७ला, शके १८७९च्या चैत्राच्या पहिल्या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सरकारी महिने ऋतूंबरोबर बांधले गेले. सणवारांसाठी निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून केलेली, गणना ठेवली, पण तीही आधुनिक गणिताची. आज घराघरांत भिंतीवर लागणाऱ्या बहुतेक मराठी पंचांगांची तिथी याच वाटेने येते. ज्या बदलासाठी केरूनानांना लोक पाठ दाखवत होते, तो आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरात एक शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे; गावच्या कोणत्या मालावरचे किती उत्पन्न मठाला जावे, त्याची नोंद त्यात आहे. दानाचा दिवस शके ११२८, श्रावणी पौर्णिमा. वेळ चंद्रग्रहणाची. ग्रहण पृथ्वीच्या छायेने लागते हे शिकवणाऱ्या पाठशाळेला, ग्रहणकाळी दिलेल्या दानाचे पुण्य मोठे म्हणून, सोइदेवाने सर्वांच्या देखत हातावर पाणी सोडून दान दिले.